अनावेदक क्रमांक एक

स्वतःच्या साडूला, स्वतःच्या होऊ घातलेल्या व्याह्याला आणि खुद्द स्वतःला एकाच अर्जात गोवून सरकारी कचेरीत उभं करणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघावा, हे माझ्या पत्रिकेत कुठल्या घरात लिहिलं होतं ते अजून एकाही ज्योतिषाला सांगता आलेलं नाही. त्या धक्क्यातून मी आजही पुरता सावरलेलो नाही. आमचे साडूभाऊ चोर नव्हते, लबाड नव्हते, भांडखोर तर नव्हतेच. ते फक्त प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणूस घरातला असला की त्याच्यासारखा दुसरा ताप नाही.

ही भिलाईची गोष्ट. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं. कायदे भोपाळहून यायचे आणि आम्ही गोंदिया-भंडाऱ्याहून. साडूभाऊ प्लांटच्या रेल मिलमध्ये तपासणीला होते. रूळ थंड होऊन समोर आला की हे त्याच्या कडेकडेने वाकून चालायचे, आणि केसाएवढी चीर दिसली की खडूने फुली मारून मोकळे. वरचा साहेब म्हणायचा, अहो, एवढं चालतं. हे म्हणायचे, "हा रूळ उद्या कोणत्या पुलावर जाऊन बसते, मले माहीत नाही. त्याच्यावरून कोण जाते तेही माहीत नाही. म्हणूनच नाही चालत." इथवर ठीक होतं. पण तो खडू खिशातून घरी यायचा. आमच्या घरी जेवायला आले की पानावर बसण्याआधी सगळ्या खुर्च्या हलवून बघायचे. एकदा तिन्ही चांगल्या खुर्च्यांच्या पायांवर फुल्या मारून गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेले पाहुणे उभ्याउभ्या चहा पिऊन परत गेले. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकावर फुली दिसली तेव्हा मी शेजारच्या पोरांना रागावलो. तिसऱ्या दिवशी सेक्टर सहाच्या बाजारात भर गर्दीत तेच चाक फाटकन फुटलं आणि माझ्या पिशवीतली वांगी थेट नालीपर्यंत गडगडत गेली.

सहीच्या बाबतीत तर विचारूच नका. न वाचता सही करणं त्यांच्या लेखी आंधळेपणाने रेल्वे रूळ ओलांडण्याइतकं मूर्खपणाचं होतं. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला की सायकल स्टँडला लावून व्हरांड्यात बसायचा. त्याला ठाऊक होतं, पावतीच्या मागची बारीक छपाई वाचून झाल्याशिवाय सुटका नाही. आक्काचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं तेव्हा संमतिपत्रातल्या दोन ओळींचा अर्थ विचारायला त्यांनी सर्जनला तोंडावरच्या फडक्यासकट बाहेर बोलावलं. स्ट्रेचरवरून आक्का ओरडली, "करा ना बाप्पा सही आता, नाही तं मी उठून घरी चालली!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "दोनच ओळी राहिल्या." वाचल्या, समजून घेतल्या, सही केली आणि मग कोपऱ्यात जाऊन रडले. ते रडणं मी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना दगड समजाल.

अशा माणसाला विश्वस्त करायचं नसतं. आम्ही केलं.

भिलाईच्या सुरुवातीच्या दिवसांत एक मावशी बिनलग्नाच्या पोरांसाठी खानावळ चालवायच्या. आम्ही सगळे त्यांच्या हातचं वरण-भात खाऊन उभे राहिलो. त्यांचा नवरा आजारी पडला तेव्हा त्या महिनाभर दवाखान्याच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली राहिल्या, तीन दगडांवर भात शिजवत. नवरा गेला. पुढे आयुष्यभर कष्ट करून मावशींनी भिलाईलगतच्या रिसालीत जागा घेतली, पाच खोल्या बांधल्या, विहीर खणली आणि मरण्याआधी सगळं एका न्यासाच्या नावे करून टाकलं. परगावाहून रोग्यासोबत येणाऱ्यांनी इथे राहावं, आणि अंगणात चुली मांडून आपलं आपण रांधावं, एवढीच त्यांची अट. न्यासपत्रात 'अंगण' हा शब्द त्यांनी तीन वेळा लिहवून घेतला होता. आम्ही त्या जागेला नुसतं 'निवास' म्हणायचो. तिथलं झाडणं-पुसणं बिसाहिन नावाची एक बाई बघायची.

आम्ही सात विश्वस्त. विश्वस्त होणं म्हणजे पाटीवर नाव आणि गणपतीत पहिल्या रांगेत खुर्ची, अशी आमची समजूत होती. वार्षिक सभा दिवाळीत व्हायची, म्हणजे खरं तर व्हायची नाही. आमचे अध्यक्ष बापूसाहेब सभेचं रजिस्टर पिशवीत घालून घरोघर फराळाला जायचे. चकली खाता खाता आपण सही करायची. सहीच्या वर अर्धं पान कोरं असायचं, त्यात ठराव मागाहून सवडीने लिहिला जायचा आणि खाली 'सर्वानुमते मंजूर'. बापूसाहेब दिलदार माणूस. त्यांच्या हातून कुणाचं वाईट होईल असं आमच्या स्वप्नातही आलं नसतं. साडूभाऊंचे ते पंचवीस वर्षांचे दोस्त. मावशींच्या खानावळीत दोघं एका ताटात जेवलेले. एक विश्वस्त वारले तेव्हा बापूसाहेबांनीच दोस्ताचं नाव सुचवलं.

पहिल्याच दिवशी साडूभाऊ न्यासपत्राची नक्कल आणि कायद्याचं एक पिवळं पुस्तक घेऊन आले, आणि आम्हा सहा जणांना समोर बसवून दोन तास वाचून दाखवलं. शेवटी मला विचारलं, "सांगा, विश्वस्त म्हणजे कोण?" मी म्हटलं, मानाचं पद आहे. ते म्हणाले, "ज्याचं तिथं काहीच नाही अन् जबाबदारी सगळी, तो विश्वस्त. काही बिघडलं तं संस्थेले नाही धरत, आपल्याले धरतात." आम्ही हसलो. बापूसाहेब तर खुर्चीवरून पडायच्या बेतात होते.

पुढे हसू हळूहळू आटलं. साडूभाऊ दर रविवारी निवासात जायचे. चहा घरून थर्मासमध्ये न्यायचे, कारण तिथली साखर रोग्याच्या माणसांची. विहिरीचा दोर हातभर हातभर तपासायचे. एकदा मी येताना तिथल्या झाडाचा चार काड्या कढीपत्ता बायकोसाठी आणला. पुढच्या सभेत माझ्यासमोर लेखी प्रश्न आला: विश्वस्ताच्या कुटुंबास न्यासाच्या मालमत्तेपासून लाभ झाला, हे खरे काय? मला खुलासा लिहून द्यावा लागला. बायकोने ऐकलं तेव्हा ती लाटणं घेऊनच उभी राहिली. "आक्काच्या नवऱ्यानं मले चोट्टी ठरवलं? कढीपत्त्यासाठी? त्यायले म्हणा, याच्यापुढं माझ्या घरी कढी मागू नका!" साडूभाऊ दुसऱ्या दिवशी स्वतःच्या परसातलं कढीपत्त्याचं रोप कुंडीत लावून घेऊन आले, आणि दारातच उभं राहून म्हणाले, "हे माझं आहे. याच्यावर कोणी प्रश्न विचारत नाही." तिने कुंडी ठेवून घेतली. आठवडाभर बोलली मात्र नाही.

मग त्यांच्या लेकीचं, मंजूचं, लग्न बापूसाहेबांच्या मुलाशी ठरलं. दोन्ही घरांना इतका आनंद झाला की साडूभाऊ चक्क शीळ घालताना ऐकू आले. साखरपुड्याला बापूसाहेब पेढे घेऊन आले, आणि सगळे विश्वस्त एकत्र सापडतील म्हणून सवयीने रजिस्टरही पिशवीत घालून आले. आमच्या सह्या झाल्या. बापूसाहेबांनी अर्धा पेढा साडूभाऊंच्या तोंडात कोंबला, पाठीत थाप मारली आणि रजिस्टर पुढे केलं. "घे व्याही, मार सही." साडूभाऊंनी वाचायला खिशातून चष्मा काढला. तेवढ्यात मंजू नवी साडी सावरत पाया पडायला वाकली. त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला, डावा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्याने सही केली. मी बायकोला कोपराने ढोसलं. म्हटलं, बघ, लेकीचं लग्न ठरलं की रूळसुद्धा वाकतो.

दोन रविवार पाहुण्यांच्या गडबडीत गेले. तिसऱ्या रविवारी साडूभाऊ निवासात गेले आणि तिथून भर उन्हात सरळ माझ्याकडे आले. चेहरा पांढरा पडला होता. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. निवासाच्या अंगणात चुन्याने बांधकामाच्या पायाच्या रेघा मारल्या होत्या. सगळ्या चुली फोडून ढीग केला होता. बालाघाटकडची एक बाई भाजलेल्या सुनेला घेऊन आली होती, ती रस्त्याच्या कडेला नालीपाशी भात शिजवत होती. त्यांनी बिसाहिनला विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, "बापू साहेब कहिस, तुँहरो दसखत हे, साहेब." तुमचीही सही आहे, म्हणे.

आम्ही जाऊन रजिस्टर मागवलं. ठराव स्वच्छ अक्षरात होता: निवासाचं अंगण विहिरीसकट मराठी मंडळाला मंगल कार्यालय बांधण्यासाठी देण्यात येत आहे. खाली सात सह्या. "तुम्ही वाचलं होतं?" साडूभाऊंनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. "मीबी नाही," ते म्हणाले, आणि त्या सहीकडे बघत बसले. मला त्या क्षणी माझ्यापेक्षा त्यांचीच भीती वाटली.

बापूसाहेबांकडे मी त्यांच्यासोबत गेलो. खरं सांगायचं तर बापूसाहेबांचंही चूक नव्हतं. आमच्या लोकांची लग्नं शाळांच्या व्हरांड्यांत लागत होती, पावसात पंगती वाहून जात होत्या. "अरे, सारे लोकं खुश होऊन राहिले, अन् तू कावून असा तोंड पाडून बसला?" ते म्हणाले. "मी का ते अंगण घरी नेऊन राहिलो? पहिलं लग्न तुझ्याच पोरीचं लागते तिथं!"

"म्हणूनच म्हणतो," साडूभाऊ म्हणाले. "रोग्याच्या माणसांची जागा, अन् तिथं विश्वस्ताच्या पोरीचा मांडव. मावशीनं काय लिहिलं ते तुले माहीत आहे. अन् जागा द्याची तं दुर्गच्या जिल्हा कचेरीची परवानगी आधी लागते. कुठं आहे?"

"घेऊ मागाहून."

"मागाहून नाही होत, बापू. ठराव वापस घे."

"भूमिपूजन झालं. चार लोकांत माझं नाव आहे. नाही घेत."

"मंग मले दुर्गले जावं लागते."

बापूसाहेब पुन्हा मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण साडूभाऊंनी आयुष्यात गंमत केलेली मला आठवत नव्हती.

घरी येऊन त्यांनी मंजूला समोर बसवलं. आक्का दारात उभी. मी जायला निघालो तर मलाही बसवून घेतलं. "मी उद्या अर्ज देतो," ते म्हणाले. "तुझ्या सासऱ्याचं नाव आहे त्याच्यात. तुझं लग्न मोडू शकते." मंजू खाली बघत होती. मग म्हणाली, "न दिला तं?" "तं ते अंगण जाते." तिने मान वर केली. "मंग मले विचारता कशाले, बाबा? तुमचं तं ठरलंच आहे." आणि उठून आत गेली, दार लावून घेतलं. साडूभाऊ बंद दाराकडे बघत राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की खांदे धरून हलवावंसं वाटत होतं.

खरा धक्का पुढेच होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ते माझ्या दारात. हातात टाइप केलेला अर्ज. "तुमचा क्वार्टर नंबर बरोबर आहे ना, तपासून घ्या. नोटीस भलत्याच घरी नको जाले." माझ्यावरच्या नोटिशीचा पत्ता माझ्याकडूनच तपासून घेऊन, माझ्याच घरचा चहा पिऊन, "पोहे चांगले झाले" असं माझ्या बायकोला सांगून हा माणूस दुर्गला गेला. आठवड्याभरात आम्हा सगळ्यांना नोटिसा आल्या, सोबत अर्जाची चार पानी प्रत. ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो त्याला तिकडे अनावेदक म्हणतात. मी आधी माझं नाव शोधलं. तिसऱ्या नंबरवर होतं. दुसऱ्यावर बापूसाहेब. आणि अनावेदक क्रमांक एक म्हणून साडूभाऊंनी स्वतःचं नाव घातलं होतं. पुढचं मी वाचलंच नाही. मी प्रत घडी करून कुठेतरी टाकली.

सुनावणीच्या दिवशी दुर्गला जायची बस चुकली म्हणून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. अर्जदार मागे, अनावेदक पुढे. वाटेत मला म्हणाले, "जरा हळू चालवा, ब्रेक ढिले आहेत." बापूसाहेब आलेच नाहीत. ताप असल्याचं कळवलं. कचेरीतल्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, "आवेदक भी आप, और अनावेदक क्रमांक एक भी आप? अपने ही ख़िलाफ़ आप चाहते क्या हैं?" साडूभाऊ ताठ उभे राहून म्हणाले, "मुझे पद से मुक्त किया जाए, साहब. बाक़ी लोगों को समझा दिया जाए." आम्ही पाच जण हात जोडून एका सुरात म्हणालो की आम्ही न वाचता सह्या केल्या. आम्हाला वाटलं, यात आमची सुटका आहे. साडूभाऊ आमच्याकडे वळले, मग साहेबांना म्हणाले, "मैंने भी बिना पढ़े ही की. यही तो क़सूर है, साहब." मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

परवानगी नव्हती, म्हणून ठराव रद्दबातल झाला. अंगण होतं तसं करून द्या, नाहीतर मामला कोर्टात पाठवतो, असं साहेबांनी बजावलं. आम्हाला समज मिळाली. साडूभाऊंचं पद त्यांनी मागितलं तसं गेलं. पुढच्या रविवारी आम्ही पाच अधिकारी पँटी दुमडून निवासाच्या अंगणात नव्या चुलींसाठी चिखल तुडवत होतो आणि बिसाहिन कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "अइसन नहीं साहेब, थोरिक अउ पानी डार!" अजून थोडं पाणी घाला, म्हणे. साडूभाऊ फाटकाबाहेर उभे. आता ते विश्वस्त नव्हते ना! चूल घालायला आत येऊ द्यावं म्हणून त्यांनी आम्हाला लेखी अर्ज दिला. आम्ही तो सर्वानुमते मंजूर केला, आणि यावेळी सहा-सहा वेळा वाचून. बापूसाहेब त्याही दिवशी आले नाहीत.

लग्नाचं काय होणार, म्हणून दोन महिने सगळा सेक्टर श्वास रोखून होता. शेवटी बापूसाहेबांच्या मुलाने बापाला सांगितलं की लग्न करीन तर मंजूशीच. बापूसाहेबांचा निरोप आला: लग्न पोरांचं आहे, होईल. क्वार्टरसमोर मांडव उभा राहिला, मंगलाष्टकं झाली, मंजू हसली. मग गुरुजींनी व्याहीभेटीला हाक मारली. साडूभाऊ हार घेऊन पुढे झाले. बापूसाहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी धाकट्या भावाला पुढे पाठवलं. साडूभाऊंनी त्या भावाच्या गळ्यात हार घातला, त्याला छातीशी धरलं, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मांडवातले लोक दुसरीकडे बघायला लागले. मी तर पंक्तीतली मिठाची वाटी शोधायला निघून गेलो.

सहा वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नातवाच्या बारशालाही दोघं दोन वेगवेगळ्या वेळी आले. मी एकदा साडूभाऊंना न राहवून विचारलं, पश्चात्ताप होत नाही? "अर्जाचा नाही होत," ते म्हणाले. "सहीचा होते. त्या दिवशी चष्मा लावला असता, तं तिथंच नाही म्हटलं असतं. बापू दोन दिवस फुगला असता, तिसऱ्या दिवशी चहाले आला असता. मी वाचलं नाही म्हणून माझा दोस्त गेला."

निवृत्त झाल्यावर ते तुमसरला जायला निघाले. सकाळी ट्रक आला. मी आणि ते लोखंडी पलंग उचलत होतो, तो अंगणात बापूसाहेब येऊन उभे. मला बाजूला सारून त्यांनी पलंगाचं एक टोक धरलं. "तिकडून धर," म्हणाले. साडूभाऊंनी तिकडून धरलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून पलंग चढवला, मग कपाट, मग शिलाई मशीन. धापा टाकत होते, पण मला हात लावू देईनात. ट्रकच्या पुढच्या सीटवर चढताना साडूभाऊंनी बापूसाहेबांच्या खांद्याचा आधार घेतला. आक्काने डोळे पुसले. ट्रक गेला.

बापूसाहेब तिथेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून चार पानं काढली, दुर्गच्या नोटिशीसोबत आलेला तो अर्ज. "काल कपाट आवरताना सापडला," ते म्हणाले. "तवा मी फाडाले निघालो होतो, पोरानं लपवून ठेवला. काल पहिल्यांदा वाचला." त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे साडूभाऊंनी हिंदीत लिहिलं होतं की अध्यक्षांनी हे लोभापोटी केलेलं नाही, माझ्या मुलीच्या लग्नाच्या आनंदात केलं आहे. त्यांच्याएवढा निर्मळ माणूस मी पाहिला नाही. सही करताना वाचणं हे माझं काम होतं, म्हणून जी शिक्षा असेल ती मला द्यावी, त्यांना देऊ नये.

"मंग आता सांगितलं कावून नाही त्यायले?" मी विचारलं.

"काय सांगू?" बापूसाहेब म्हणाले. "चार पानं वाचाले मले सहा वर्षं लागली, हे सांगू?"

ते हळूहळू घराकडे गेले. मी घरी आलो आणि माझी प्रत शोधायला बसलो. दोन ट्रंका, माळा, पुस्तकांची फळी, सगळं काढलं. ती सापडली नाही.